नियम मोडला, हे ठरलं. मग पुढे काय?

फिलाडेल्फियात लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: ऑक्टोबरात गावचा बेसबॉल संघ फिलीज प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निवडणूक आणि डिसेंबरात परीक्षा. केसबुक, म्हणजे निकालांचं पाठ्यपुस्तक, उघडलं की मन स्कोअरकडे नाहीतर मतचाचण्यांकडे धावतं. आईबाबा म्हणतात, तीन वर्षं हे सगळं बंद ठेव. वर्गात प्रोफेसरांनी अचानक उभं केलं तर केस नीट सांगता येते, पण सराव परीक्षेत गुण पडत नाहीत, ते का? आणि ग्रीन कार्डावर असताना निवडणुकीत काही काम करता येईल का?

मी पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीत दिवाणी दावे चालवते, त्यांत निवडणुकीचेही असतात. उन्हाळ्यात आमच्याकडे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांचे मेमो तपासणं हेही माझ्याकडेच असतं. त्यामुळे तुझं दुखणं ओळखीचं आहे. आईबाबांची काळजी खरी आहे, पण बेसबॉल किंवा निवडणूक सोडू नकोस. तुझे गुण जिथे जातात तीच जागा हे दोन्ही विषय तुला उत्तम शिकवतील.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची उत्तरं वाचली की एक गोष्ट सारखी दिसते. नियम काय, तो मोडला का, हे मुलं छान लिहितात आणि तिथेच थांबतात. नियमभंग सिद्ध झाला की परिणाम आपोआप येतो असं धरून चालतात. कायद्यात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नियम मोडला का, हा पहिला. मोडला, तर त्याचं काय करायचं, कोणी करायचं आणि कधीपर्यंत, हा दुसरा. वकिलाची बरीचशी कमाई दुसऱ्या प्रश्नावर होते आणि परीक्षेतले वरचे गुणही तिथेच असतात.

याचं सर्वांत सुरेख उदाहरण बेसबॉलमध्ये आहे. २४ जुलै १९८३, यांकी स्टेडियम. कॅन्सस सिटी रॉयल्स शेवटच्या, नवव्या डावात ४-३ ने मागे, दोन बाद. जॉर्ज ब्रेटने गूस गॉसेजच्या चेंडूवर दोन धावांचा होम रन मारला, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर धाडला, आणि रॉयल्स ५-४ ने पुढे गेले. यांकीजचे मॅनेजर बिली मार्टिन बाहेर आले आणि त्यांनी अंपायरला ब्रेटची बॅट बघायला सांगितली. पकड घट्ट राहावी म्हणून बॅटच्या मुठीला पाइन टार नावाचा चिकट पदार्थ चोळतात. तो मुठीच्या टोकापासून १८ इंचांच्या पुढे जाता कामा नये असा नियम. अंपायर टिम मॅकलेलंड यांनी बॅट होम प्लेटवर आडवी धरली, कारण प्लेटची रुंदी १७ इंच असते आणि मोजायला तेवढं पुरे. टार बरंच पुढे गेलेलं होतं. त्यांनी ब्रेटला बाद दिलं. तो तिसरा गडी, सामना संपला, यांकीज जिंकले. ब्रेट डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बाकावरून, ज्या आवेशाने धावत आला ते चित्रण तू पाहिलं असशीलच.

रॉयल्सनी तक्रार केली. ती गेली अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांच्याकडे. टार मर्यादेपलीकडे होतं यावर वाद नव्हताच. मॅकफेल यांनी विचारलं ते पुढचं: नियम मोडल्यावर काय करावं असं नियमातच लिहिलंय? तर, अशी बॅट खेळातून काढून टाकावी. फलंदाज बाद, असं तिथे नाही. अंपायरनी बाद देण्यासाठी दुसऱ्या नियमाचा आधार घेतला होता, बेकायदेशीर बॅटच्या. तो आहे चेंडू लांब जावा म्हणून बॅटमध्ये फेरफार करणाऱ्यांसाठी, आणि टारने चेंडू लांब जात नाही. होम रन कायम राहिला. सामना १८ ऑगस्टला त्याच स्थितीपासून पुढे खेळवला गेला आणि रॉयल्स ५-४ ने जिंकले.

आता यातला वकिली तपशील बघ, मला तो फार आवडतो. १८ ऑगस्टला अंपायरांचा चमू नवा होता. बिली मार्टिन यांनी लगेच नवं अपील केलं की २४ जुलैला होम रन मारल्यावर धावताना बेसना पाय लागलाच नव्हता. नवे अंपायर त्या दिवशी मैदानात नव्हते, ते काय सांगणार? पण हा मुद्दा येणार हे कोणीतरी आधीच ओळखलं होतं. जुन्या चमूचं प्रतिज्ञापत्र तयार होतं: ब्रेट आणि त्याच्या आधीपासून बेसवर असलेला खेळाडू, दोघांनीही सगळे बेस स्पर्शले. अंपायरनी ते खिशातून काढून दाखवलं आणि विषय मिटला. समोरचा पुढच्या महिन्यात काय म्हणेल त्याचा पुरावा आज करून ठेवायचा. सिव्हिल प्रोसिजरच्या वर्गात हे कोणी इतक्या थोडक्यात शिकवणार नाही.

हीच रचना तुझ्या टॉर्ट्सच्या, म्हणजे अपघात-इजेच्या भरपाईच्या कायद्याच्या, पुस्तकात आहे. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा १९३९ चा टेडला विरुद्ध एलमन निकाल काढ. पायी जाणाऱ्याने समोरून येणारी वाहनं दिसतील अशा, म्हणजे डाव्या बाजूने चालावं असा कायदा होता. बहीणभाऊ उजवीकडून चालत होते, कारण त्या संध्याकाळी डाव्या बाजूला गाड्यांची रीघ होती. मागून आलेल्या गाडीने दोघांना उडवलं, भाऊ गेला. कायदा मोडला म्हणून दोघे निष्काळजी ठरतात का? न्यायालय म्हणालं, नाही. नियम चालणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि तो पाळल्याने धोका वाढत असेल तर मोडणाऱ्यावर दोष लादता येत नाही. याच्या आधीचा १९२० चा मार्टिन विरुद्ध हरझॉग हा निकाल याच्या शेजारी ठेव. तिथे रात्री दिव्याशिवाय घोडागाडी चालवली होती आणि न्यायमूर्ती कार्डोझो यांनी तो भंग म्हणजेच निष्काळजीपणा धरला. पण अपघात त्यामुळेच झाला का, हा प्रश्न त्यांनीही वेगळा ठेवला. मग स्वतःला विचार, मॅकफेल यांनी हरझॉगच्या वाटेने जायला हवं होतं की टेडलाच्या? हा परिच्छेद नीट लिहिता आला तर टॉर्ट्सची अर्धी परीक्षा आटोपली.

आता निवडणुकीकडे. तुझ्या राज्यात याचंच जिवंत उदाहरण आहे. पेनसिल्व्हेनियात २०१९ च्या ॲक्ट ७७ ने कोणालाही, कारण न सांगता, टपालाने मत देण्याची मुभा दिली. मतपत्रिका आधी आतल्या गोपनीयतेच्या पाकिटात घालायची, मग बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्या पाकिटावरच्या निवेदनावर सही करून तारीख घालायची. पुष्कळ मतदार, विशेषतः वयस्कर, तारीख विसरतात. पाकीट मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत काउंटीच्या (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कचेरीत पोचलेलं असतं, कचेरीने आल्याची नोंद केलेली असते, सही असते, तारीख तेवढी नसते. मग ते मत मोजायचं की नाही?

कायद्यात इंग्रजी शब्द आहे 'शॅल' (shall): मतदाराने निवेदन भरावं, तारीख घालावी आणि सही करावी. तारीख नसेल तर मत बाद, असं त्या वाक्यात नाही. भारतात वकिली केलेल्या कोणालाही हा वाद लगेच ओळखू येईल. तरतूद अनिवार्य की केवळ निर्देशक, यावर आपल्याकडच्या कोर्टांनी किती शाई खर्च केली आहे! नोव्हेंबर २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विभागलेल्या मतांनी त्या एका निवडणुकीपुरती अशी मतं मोजू दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने आदेश दिला की ती मोजू नयेत, वेगळी काढून ठेवावीत. त्यानंतरही राज्याच्या आणि फेडरल न्यायालयांत हा वाद चालूच राहिला. आतलं पाकीट नसलेल्या मतपत्रिकांचं काय, हे मात्र सप्टेंबर २०२० मध्येच ठरलं होतं: त्या बाद. तिथे नियमामागचा हेतू उघड आहे, मत गुप्त राहावं. तारखेचा हेतू काय, हे सांगताना भल्याभल्या वकिलांची दमछाक झालेली मी पाहिली आहे. मर्यादेपलीकडचं टार आणि विसरलेली तारीख शेजारी मांडून पाच ओळी लिहून काढ. दोन्हीकडे नियमभंग कबूल आहे, वाद फक्त परिणामाचा आहे. आणि एक फरकही लिही. होम रन रद्द झाला तर एक सामना जातो. मत रद्द झालं तर ज्याच्याकडे ते एकच होतं त्या माणसाचं सगळंच जातं. माझ्या लेखी हा फरक निर्णायक आहे, पण परीक्षेत दुसरी बाजूही तितक्याच ताकदीने मांडता आली पाहिजे: सगळ्या काउंट्यांना एकच नियम हवा, कचेरीतल्या कारकुनाच्या मर्जीवर काही सोडायचं नाही.

२०२२ चा तो आदेश आला १ नोव्हेंबरला. त्याच रात्री फिलीजनी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, तिसऱ्या सामन्यात पाच होम रन मारून ॲस्ट्रोजला ७-० ने हरवलं. निवडणूक आठवड्यावर होती. त्या दिवसात आदेशही वाचता येत होता आणि सामनाही बघता येत होता. एकाच वेळी मात्र नाही, आणि माझा खरा आग्रह तिथेच आहे. सामना चालू ठेवून केसबुक वाचू नकोस. धड सामना होत नाही, धड वाचन. २०२३ पासून पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला ठरावीक सेकंद देणारं घड्याळ, आल्यावर सामना साधारण दोन तास चाळीस मिनिटांत संपतो. बघायचा असेल तर सगळा बघ, फोन बाजूला ठेवून, आणि नाही तर सकाळी धावफलक पाहा. वेळ खातो तो सामना नाही, दर दहा मिनिटांनी स्कोअर बघण्याची सवय खाते. मतचाचण्यांचंही तेच. दिवसातून पाच वेळा चाचण्या चाळण्याऐवजी आठवड्यातून एकदा निवडणूक कायद्याचा एक आदेश, मूळ आदेश, बातमी नव्हे, पहिल्या पानापासून वाच. कोणी मागितलं, काय मागितलं, कोर्टाने काय दिलं.

बुश विरुद्ध गोर याच नजरेने वाच. २००० ची अध्यक्षपदाची निवडणूक, फ्लोरिडात फरक शेवटी ५३७ मतांचा होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ डिसेंबर २००० ला हाताने फेरमोजणीचा आदेश दिला, दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि १२ तारखेला निकाल. सगळे सांगतात पाच विरुद्ध चार. पण घटनात्मक अडचण आहे, हे सात न्यायमूर्तींना मान्य होतं. अर्धवट भोक पडलेली मतपत्रिका एका काउंटीत मोजली जाते आणि शेजारच्या काउंटीत नाही, हे घटनेने दिलेल्या समान संरक्षणात बसत नाही. फूट पडली ती पुढच्या प्रश्नावर. त्या सातांतल्या दोघांचं म्हणणं, प्रकरण परत पाठवा, एकसारखा निकष ठरवून मोजू द्या. पाच जण म्हणाले, मुदत आजच संपते, आता वेळ नाही. देशाचा अध्यक्ष ठरला तो दाद काय द्यायची या प्रश्नावर. माझं मत विचारशील तर परत पाठवायला हवं होतं. मुदतीच्या अगदी तोंडावर मोजणी थांबवायची आणि मग वेळ उरला नाही म्हणायचं, हे मला आजही पटत नाही.

कर्ट फ्लडचं प्रकरण तर तुझ्या गावाशीच जोडलेलं. सेंट लुईस कार्डिनल्सनी ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला फिलीजकडे धाडलं, त्याला न विचारता. बारा हंगाम एका संघाकडून खेळलेला, उत्तम क्षेत्ररक्षणाचे सात गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवलेला हा सेंटर फील्डर नाही म्हणाला. मी वस्तू नाही, मला विकता येणार नाही, अशा आशयाचं पत्र त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना लिहिलं आणि खेळाडूला असं बांधून ठेवणं मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही असा दावा लावला. त्याची बाजू मांडायला आर्थर गोल्डबर्ग होते, स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. अडचण होती १९२२ चा पूर्वनिवाडा: बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही. १९७२ साली न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकालपत्राच्या सुरुवातीला ऐंशीहून अधिक खेळाडूंची नावं प्रेमाने नोंदवली. बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच आहे हे मान्य केलं, ही सूट विसंगत आहे हेही मान्य केलं, आणि फ्लड ५-३ ने हरला. एवढी जुनी चूक दुरुस्त करायची तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, करावी, आम्ही नाही. चूक कबूल, दाद नाही. स्टेअर डिसायसिसचं, म्हणजे जुना निवाडा पाळण्याच्या तत्त्वाचं, ओझं कोणाच्या पाठीवर पडतं हे समजून घ्यायचं असेल तर ही केस दोनदा वाच. फ्लडची कारकीर्द संपली. १९९८ मध्ये काँग्रेसने त्याच्या नावाने कायदा करून मेजर लीगच्या खेळाडूंना ते संरक्षण दिलं, तेव्हा त्याला जाऊन वर्ष उलटलं होतं.

मात्र खेळाडू सुटले ते त्याआधीच, आणि दुसऱ्याच दाराने. खेळाडूंच्या करारात कलम होतं: खेळाडूने सही केली नाही तर संघ त्याचा करार त्याच अटींवर एक वर्षाने वाढवू शकतो. मालक म्हणत, 'त्याच अटींवर' म्हणजे वाढवण्याची अटही त्यात आलीच, म्हणून पुन्हा एक वर्ष, आणि पुन्हा एक. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांनी १९७५ मध्ये सही न करताच खेळून दाखवलं. २३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, त्यानंतर खेळाडू मोकळा. मालकांनी साइट्झ यांना ताबडतोब काढलं, कोर्टात गेले, तिथेही हरले. सर्वोच्च न्यायालयात घटना, इतिहास आणि न्यायाची भाषा करून जे मिळालं नाही, ते कराराच्या एका वाक्याने मिळालं. कोणत्या दारावर टकटक करायची, हे अशिलाला सांगणं हेच आमचं काम असतं. काँट्रॅक्ट्सच्या वर्गात तुला कंटाळा येतो म्हणतेस ना, ते कलम डोळ्यांसमोर ठेवून दोन्ही बाजूंचा युक्तिवाद लिहून बघ.

तर अभ्यासाबद्दल. वर्गात उभं राहून केस सांगता येणं आणि परीक्षा यांचा संबंध थोडाच आहे. परीक्षेत तुला नवीच गोष्ट देतात, दोन-तीन पानांची, आणि त्यात दहा वाद लपवलेले असतात. म्हणून केसचे लांबलचक गोषवारे लिहिणं कमी कर. प्रत्येक केसखाली तीनच ओळी: कोणता नियम, कशामुळे तो इथे लागू झाला किंवा नाही, आणि कोर्टाने दाद काय दिली. आउटलाइन, म्हणजे सगळ्या विषयाचं नेटकं टिपण, ऑक्टोबरातच सुरू कर, स्वतःच्या हाताने. वरच्या वर्गाकडून मिळालेली आयती आउटलाइन ताडून बघायला चांगली, पाठ करायला निरुपयोगी. नोव्हेंबरच्या मध्यापासून तुझ्याच प्रोफेसरांचे जुने पेपर घड्याळ लावून सोडव आणि मैत्रिणीला तपासायला दे. तपासताना ती फक्त एक खूण करू दे: जिथे 'म्हणून' लिहिलंस पण का ते लिहिलं नाहीस तिथे. पहिल्या पेपरवर अशा खुणाच खुणा दिसतील. घाबरू नकोस, चार पेपरांत त्या कमी होतात. गुण कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत, असतात, पण बाकीचे काय करताहेत हे बघत बसून कोणाचा कर्व्ह वर गेलेला नाही.

आता ग्रीन कार्डचा प्रश्न. इथे मात्र मी फार गंभीरपणे सांगते. तुला काम करता येईल. पक्षाच्या प्रचारात विनामोबदला, किंवा निवडणुकीच्या दिवशी मतदारांना मदत करणाऱ्या निःपक्ष कायदेशीर हेल्पलाइनवर. तिथे लॉ स्कूलची मुलं हवीच असतात, आधी प्रशिक्षण देतात. ग्रीन कार्ड असल्याने देणगीही देता येते, ती विद्यार्थी व्हिसावरच्या तुझ्या मित्रांना देता येत नाही, त्यांना सांगून ठेव. मतदान केंद्रावरचा अधिकारी व्हायचं असेल तर मतदार म्हणून नोंदणी लागते, तेव्हा ते नागरिकत्वानंतर.

मतदान करायचं नाही आणि मतदार म्हणून नोंदणीही करायची नाही, कुठल्याही पातळीवर. धोका कुठे असतो ते बघ. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर नोंदणीचा विषय निघतो, मागे रांग असते, माणूस हो म्हणून मोकळा होतो. कॅम्पसवर क्लिपबोर्ड घेऊन उभी असलेली उत्साही मुलं भेटतात, तुझीच मैत्रीण असते, फॉर्मवर 'मी नागरिक आहे' हा चौकोन असतो. त्यावर खूण केली की तो नागरिकत्वाचा खोटा दावा होतो. त्याचा परिणाम देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतो, आणि समजलं नव्हतं हा बचाव तिथे फारसा तारत नाही. या एका कायद्यात नियमभंग आणि परिणाम यांच्यात जवळजवळ जागाच ठेवलेली नाही. पुढे वकिलीची सनद देताना होणाऱ्या बारच्या चारित्र्य-तपासणीतही अशा गोष्टी खणून काढतात.

नोंदणी चुकून झाली असेल, टपालाने मतदार कार्ड घरी आलं असेल, तर ते फेकू नकोस आणि मतही देऊ नकोस. काउंटीला स्वतः पत्र लिहायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेट. कार्ड, ते ज्या पाकिटातून आलं ते पाकीट आणि लायसन्सच्या कचेरीतली पावती सोबत ने. नाव यादीतून काढून घेण्याचा अर्ज त्यांच्या सल्ल्याने, लेखी आणि पोच घेऊन करायचा, आणि त्याची प्रत नागरिकत्वाच्या अर्जाच्या फाइलमध्ये ठेवायची.